अंगणातल्या नळाची टोपी

पाणीपुरवठा खात्यात नव्या घरांचे नळ तपासणाऱ्या ज्या बाई होत्या, त्यांना प्लंबर लोक पाठीमागे 'टोपीबाई' म्हणत आणि समोर 'मॅडम'. पाठीमागचे नाव बाईंना ठाऊक होते. "समोरच म्हणा की," असे त्या एकदा हसून म्हणाल्याही होत्या, पण तेवढी छाती कुणाची झाली नाही.

टोपी म्हणजे पितळेचा एक तुकडा, बाटलीच्या बुचापेक्षा थोडा मोठा. घराबाहेरच्या, अंगणातल्या नळाच्या तोंडावर तो बसवायचा आणि मग त्याला रबरी पाइप लावायचा. आता लोकांना वाटते की पाणी पुढेच जाते, मागे कशाला येईल? पण अंगणातला पाइप साबणाच्या किंवा फवारणीच्या औषधाच्या बादलीत बुडालेला असला आणि नेमकी तेव्हाच रस्त्याखालची मोठी नळी फुटली, तर तीच नळी बादलीतले पाणी मागे ओढून घेते. ते घराच्या नळांत शिरते, तिथून शेजाऱ्याच्या. अशा वेळी टोपी पाण्याऐवजी बाहेरची हवा आत घेते आणि ती ओढ तोडते. म्हणून नियम होता की बाहेरच्या नळाला टोपी हवी, नळाचे तोंड जमिनीपासून बादली मावेल इतके वर हवे, आणि त्या नळाला घराच्या आतून बंद करायची वेगळी चावी हवी. नियम तसा साधा, पण साध्या नियमांनाच लोक सगळ्यात जास्त फाटे फोडतात.

फाटे फोडायला कारणही होते. ही टोपी थुंकायची. नळ बंद केला की आतले उरलेले पाणी ती फुर्रकन बाहेर टाकायची, ते थेट चपलांवर. इस्त्रीची विजार घालून गाडी धुणाऱ्या माणसाला दुसऱ्याच दिवशी तिचा वीट यायचा.

बाई या कामात आल्या त्या टायपिस्ट म्हणून. एका वस्तीतल्या लोकांच्या आजारपणाचा अहवाल त्यांच्याकडे टाइप करायला आला होता. कुणाच्या तरी अंगणातला पाइप औषधाच्या पिंपात राहिला होता, बाकी काही नाही. साहेबांनी शुद्धलेखनाच्या चुका काढून तो अहवाल पुन्हा टाइप करायला लावला, मग समास चुकला म्हणून आणखी एकदा. तोपर्यंत तो बाईंना तोंडपाठ झाला होता. सुधारलेला अहवाल दिला आणि तिथेच बाई म्हणाल्या, "साहेब, मला टाइपरायटर नको, नळ द्या." साहेब हसले. बाई रोज विचारत राहिल्या. शेवटी साहेबांनीच कंटाळून त्यांना बाहेरच्या कामावर घातले. बाईंच्या स्वभावाचा पत्ता लागायला एवढी एक गोष्ट पुरे. लग्न का केले नाही असे कुणी विचारले तर त्या "राहून गेलं" म्हणत, आणि तोही विषय तिथेच संपे.

त्यांना जवळचे असे एक दादा आणि एक वहिनी. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा बाई फ्रॉक घालत होत्या. त्यांच्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून परीक्षेच्या दिवशी शाळेपर्यंत सोडण्यापर्यंत सगळे वहिनीने केले. सासरच्या इतर बायकांसमोर ती या चिमुरडीला मुद्दाम "वन्सं" म्हणायची, अहोजाहो करायची, आणि दोघी नंतर हसून लोळायच्या. बाईंचा जगात कुणावर जीव असेल तर तो वहिनीवर, हे सरळ सांगून टाकलेले बरे.

वहिनीच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आणि ते काही नीट बसले नाही. दादा भाड्याने राहायचा ते घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, उंच पायऱ्यांचा. ऑपरेशननंतर वर गेलेली वहिनी महिनोन् महिने खाली उतरली नव्हती. खिडकीतल्या डब्यात लावलेल्या दोन रोपांशी बोलत बसायची. दादाने सगळी पुंजी घालून त्याच रस्त्याच्या टोकाला नव्या आळीत बैठे घर बांधायला काढले ते तिच्यासाठीच. उंबरासुद्धा बसवला नाही, चाकाची खुर्ची अडेल म्हणून. पुढे छोटे अंगण, आणि अंगणात एक नळ. "मला बाकी काही नको, माझ्या हातानं झाडांना पाणी घालता यावं," एवढेच ती म्हणाली होती.

घर पूर्ण झाले. राहायला जायचा दाखला मिळायला एकच तपासणी उरली होती, नळांची. ती बाईंकडेच आली. "भावाचं घर आहे, दुसऱ्या कुणाला द्या," असे त्यांनी साहेबांना सांगून पाहिले. साहेब म्हणाले, "दुसरा आहे कोण? आणि बाई, तुमच्यावर संशय घेईल असा माणूस अजून जन्माला यायचाय." वाक्य कौतुकाचे होते, पण बाईंना ते ओझ्यासारखे वाटले.

तपासणीच्या सकाळी बाई पोचल्या तर दारात गर्दी. आळीतल्या चार जणांनी वहिनीला लाकडी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणले होते. पुढे होते कोपऱ्यावरच्या घरातले शिंपी, घामाघूम आणि खूश. वहिनी नव्या स्वयंपाकघरात खुर्चीतच बसली होती आणि हात लांब करून ओट्याची फरशी चाचपत होती.

"बघ गं, पोचते माझा हात!" ती बाईंना म्हणाली. "दाखला मिळाला की मी आता वर जाणारच नाही. सामान मागून येईल."

बाईंनी आतले सगळे तपासले. सगळे चोख. बाहेरच्या नळाची आतली चावी जागेवर, नळाची उंची बरोबर. दादा त्यांच्या मागेमागे नवरदेवाच्या बापासारखा हात चोळत फिरत होता. मग त्या अंगणातल्या नळापाशी वाकल्या.

टोपी होती. चकचकीत पुसलेली होती. आणि तिच्या कडेला निळ्या रंगाचा एक ठिपका होता.

बाईंनी मान वर करून दादाच्या खिडक्या पाहिल्या. खिडक्या तपकिरी. आळीत निळ्या खिडक्या एकाच घराच्या, शिंप्यांच्या. तिथल्या तपासणीच्या दिवशी रंगारी खिडकीला शेवटचा हात देत होता आणि रंगाचा एक थेंब खाली नळाच्या टोपीवर पडला होता. "मॅडम, आमच्या नळाला तीट लागली," असा विनोदही शिंप्यांनी केला होता. त्यानंतर बाईंनी या आळीतली कितीतरी घरे पास केली होती. त्या घरांच्या टोप्या त्यांनी डोळ्यांसमोर आणून पाहिल्या. प्रत्येक टोपी त्यांनी समोरून पाहिली होती, कड कुणाची वाकून पाहिली नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होते, आणि मुरत होते ते त्यांच्याच सहीखाली.

त्यांनी टोपीला हात घातला. ती गर्रकन फिरली आणि हातात आली. खरे तर टोपीच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो आवळत न्यायचा, शेवटी त्याचे डोके मोडून पडते, आणि मग टोपी कुणाच्या बापाला निघत नाही. या स्क्रूचे डोके शाबूत होते.

"प्लंबरला बोलवा," बाई म्हणाल्या.

आळीचा प्लंबर भिंतीमागेच होता. त्याला सगळे 'गळके' म्हणत, कारण त्याच्या पोटात कुठलीही गोष्ट टिकत नसे. आजही टिकली नाही.

"मॅडम, दुकानात टोप्याच नाहीत," तो म्हणाला. "ही शेवटची, शिंप्यांनी घेतलेली. त्यांना ती नको होती, चपला भिजवते म्हणून. मग ज्याच्याकडं तुम्ही येणार, त्याच्याकडं आदल्या दिवशी मी ती नेऊन बसवतो. स्क्रूचं डोकं भिंतीचा रंग वाळल्यावर मोडतो, असं तुम्हाला सांगायचो ना, ते यासाठीच."

"आणि दुकानात टोप्या का नाहीत?"

"कुणी मागतच नाही, तर तो आणेल कशाला?"

म्हणजे साऱ्या आळीत मिळून टोपी एकच, आणि ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर करत सगळे घरात राहायलाही आले होते. बाईंना हसू यायला हवे होते, पण तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा जवळ आला. हळूच म्हणाला, "अगं, आज सही कर. नवीन टोपी आली की पहिली मी लावतो. तुझ्या भावाचा शब्द आहे."

"दादा, शब्दानं पाणी अडत नाही."

"पाणी काय वाट चुकतं का उलटं यायला? उगाच पुस्तकातलं सांगू नकोस."

अंगणात रंगाऱ्याची बादली पडली होती, ब्रश धुतलेल्या हिरव्या पाण्याने भरलेली. वहिनीच्या खोलीला तिने पोपटी रंग मागितला होता, त्यातलीच. बाईंनी बिनटोपीच्या नळाला रबरी पाइप लावला, पाण्याने भरून घेतला, टोक त्या बादलीत बुडवले आणि नळ उघडाच ठेवला. मग रस्त्याकडून येणारे पाणी बंद केले आणि मीटरच्या खड्ड्यातला, नळी रिकामी करायचा खालचा कॉक सोडला. "मोठी नळी फुटली, असं समज," त्या म्हणाल्या. दादा बघत राहिला. बादलीतले पाणी कुणी हात न लावता उतरू लागले. खड्ड्यातल्या कॉकमधून ते हिरवे होऊन बाहेर आले, तशी बाईंनी तो बंद केला आणि रस्त्याचे पाणी पुन्हा चालू केले.

घडायला नको ते तेवढ्यात घडले. आत वहिनीला वाटले, तपासून तपासून पोर दमली असेल, तिला पाणी द्यावे. तिने बसल्या जागेवरून नव्या नळाची चावी फिरवली आणि पेला भरला.

"अहो," आतून आवाज आला, "हे पाणी हिरवं कसं आलं?"

दादाच्या तोंडचे पाणी पळाले. धावत जाऊन त्याने तो पेला तिच्या हातातून काढून घेतला. सगळे नळ सोडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत बाई आणि गळके तिथे उभे होते.

मग दादाने पक्कड आणली. "पटलं मला. हीच टोपी लाव, स्क्रूचं डोकं मोड, आणि कर सही. शिंप्यांना मी नवी भरून देईन."

बाईंनी पक्कड हातात घेतली. नियमाने यात काही वावगे नव्हते. टोपी पक्की बसली असती, घर पास झाले असते, वहिनी त्या स्वयंपाकघरातून उठली नसती. एवढा सोपा मार्ग समोर होता आणि बाईंना तो हवाही होता.

"आणि शिंप्यांचा नळ?" त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढचा? सगळ्यांचं पाणी एकाच नळीतून येतं दादा. तुझ्या घरी टोपी असून उपयोग काय, बाजूच्या अंगणातलं औषध तुझ्याच पेल्यात यायचं असेल तर? माहीत असून मी आज एकट्या भावाचं घर पास करू?"

"म्हणजे तिला परत वर नेऊ?" दादा म्हणाला. "तुला उचलून नेलंय तिनं कडेवरून. तिला तू परत तीन मजले वर पाठवतेस?"

बाईंनी पक्कड खाली ठेवली. "हो," त्या म्हणाल्या.

वहिनीने सगळे ऐकले होते. तिने ओट्यावरचा हात काढून मांडीवर घेतला आणि शिंप्यांना म्हणाली, "भाऊ, खुर्ची उचला." बाईंकडे तिने पाहिले नाही. खुर्ची रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या घराच्या जिन्यात दिसेनाशी होईपर्यंत बाई रस्त्यावर उभ्या होत्या.

त्याच दुपारी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाई, मंजुऱ्या देऊन झाल्यात. चिखलात दगड मारून अंगावर कशाला उडवून घेता?"

"सह्या माझ्या आहेत साहेब. चिखलही माझाच."

बाईंना मेमो मिळाला, तो त्यांनी मान खाली घालून घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्या आळीत घरोघर फिरल्या आणि बाहेरचे सगळे नळ आतल्या चावीने बंद करून, चावीला तार गुंडाळून सील करत सुटल्या. टोपी आणा, मग नळ उघडेल. आळी खवळली. ज्यांनी वहिनीला खाली आणले होते त्यांनी दादाशी बोलणे टाकले. बहिणीला आवरता येत नाही तो कसला भाऊ, असे. शिंपी तर बाई दिसल्या की खिडकी लावून घेत. दादाची गत दोन्हीकडून मार खाणाऱ्या मृदंगासारखी झाली.

बाई नळ बंद करून थांबल्या नाहीत. हार्डवेअरचा दुकानदार "मागवू, बघू" म्हणू लागला, तशा त्या रोज कामावर जायच्या आधी त्याच्या स्टुलावर जाऊन बसू लागल्या. गिऱ्हाईक आले की सरकून जागा देत, गिऱ्हाईक गेले की पुन्हा बसत. "अहो, फोन लागत नाही," दुकानदार म्हणे. "लागेल. मी बसलेय," बाई म्हणत. शेवटी त्यानेच हात जोडले आणि घाऊक व्यापाऱ्याकडे माणूस पाठवला.

आणि रोज संध्याकाळी त्या ते तीन मजले चढून वहिनीकडे जात. वहिनी चहा पुढे करी, बशीवर बिस्किटही ठेवी, पण एक अक्षर बोलत नसे. बाईही तोंड उघडत नसत. समजावून सांगायला त्या आल्याच नव्हत्या. चहा संपला की कप विसळून ठेवत आणि जिना उतरत. दुसरी कुणी असती तर दुसऱ्या दिवशी गेली नसती. या रोज गेल्या.

टोप्या आल्या तेव्हा बाईंनी गळक्याला बरोबर घेतले. प्रत्येक घरी टोपी बसली की स्क्रू त्या स्वतः आवळत. डोके कट्‌ करून मोडून पडेपर्यंत हात काढत नसत, आणि टोपी चारी बाजूंनी वाकून पाहिल्याशिवाय सील तोडत नसत. दादा म्हणाला, "निदान आता तरी पहिलं घर माझं घे."

"तुझं शेवटी."

"भाऊ म्हणून शेवटी?"

"भाऊ म्हणूनच."

दादाचे घर पास झाले त्या दिवशी वहिनीला खाली आणायला कुणीच आले नाही. मग दादाने खुर्चीची पाठ धरली आणि बाईंनी पुढचे पाय. दोघांची वये काही उचलाउचलीची नव्हती. पहिल्या वळणावर दादाला दम लागला, दुसऱ्या वळणावर खुर्ची भिंतीत अडकली. बाईंचे हात भरून आले, पण खुर्ची खाली टेकवायला पायरी पुरत नव्हती. वहिनी डोळे मिटून बसली होती.

खालून पावले वाजली. शिंपी होते. "माझ्या नळाला सील लावलंत," ते चढता चढता बोलतच होते, "झाडं वाळली माझी. तुमचं तोंड बघणार नव्हतो मी मॅडम. सरका. खुर्ची अशी धरतात का? तिरकी करा, तिरकी! दादा, पाठ घट्ट धरा, माणूस पाडाल." त्यांनी बाईंच्या हातातून खुर्चीचे पाय घेतले आणि खाली उतरेपर्यंत कुरकुरत राहिले. आभार मानायला त्यांनी कुणाला जागाच दिली नाही.

वहिनी आधी घरात गेली नाही. "अंगणात ठेवा मला," ती म्हणाली. नळ तिच्या हाताच्या टप्प्यात होता. तिने तो उघडला, कुंडीत धार सोडली, पुरे झाल्यावर बंद केला. टोपी थुंकली. दोन्ही पावले भिजली.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "ही तुमची टोपी फार उद्धट आहे हो."

किती दिवसांनी तिचा आवाज त्यांच्याकडे वळला होता. "वहिनी, तुम्ही रागावलात..." बाई म्हणाल्या.

"रागावले होते की. रोज रागावत होते. तू आलीस की जास्तच." वहिनीने ओली पावले पदराने पुसायचा प्रयत्न केला, वाकता येईना तेव्हा तशीच ठेवली. "इतकी रागावले की वाटायचं, हिला चहासुद्धा देऊ नये. पण एक सांगू? त्या दिवसापासून वर प्यायचं पाणी भरलं की पेला आधी खिडकीत उजेडाला धरून बघायचे मी. ह्यांनाही बघायला लावायचे. न बघता एक घोट घेतला नाही आम्ही."

बाई नळाजवळच्या ओल्या फरशीवर खाली बसल्या आणि वहिनीच्या पावलांवरचे पाणी त्यांनी आपल्या ओढणीने टिपून काढले.